फ्री डेटिंग ॲपवरचा माणूस दोनच दिवसांत व्हॉट्सॲप नंबर आणि व्हिडिओ कॉल मागतोय, काय काय सांभाळू?

वाशिष्ठी

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, आणि तेही नवीन आयडी काढून, कारण नेहमीच्या आयडीवरून ओळखीतले लोक लगेच ओळखतील. मी ३४ वर्षांची, मूळ चिपळूणची, नोकरीला पुण्यात. तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. घरच्यांनी परत स्थळं बघायला घेतली पण जाईल तिथे पहिला प्रश्न 'का मोडलं', त्याला कंटाळून मैत्रिणीच्या सांगण्यावरून महिनाभरापूर्वी एक फ्री डेटिंग ॲप घेतलं.

तिथे एकाशी बोलणं जमलंय, नाशिकचा आहे म्हणतो, वय ३७. पण दोनच दिवसांत म्हणाला की ॲपचं नोटिफिकेशन येत नाही, व्हॉट्सॲप नंबर दे, रात्री व्हिडिओ कॉल करू. मी अजून दिलेला नाही. खरं सांगते, माणूस वाईट वाटत नाही आणि मलाही कॉल करावासा वाटतोय, नुसते फोटो बघून किती दिवस बोलणार. पण आमच्या ऑफिसातल्या एकाला व्हिडिओ कॉलवरून ब्लॅकमेल झालं होतं, ते ऐकल्यापासून छातीत धडधडतं.

'नकोच करू' हे सोडून सांगा प्लीज. करायचं तर कसं ते हवंय. आणि अजून एक, मध्यंतरी फार एकटं वाटायचं तेव्हा त्या अनोळखी लोकांशी व्हिडिओ चॅट करायच्या साइटवर दोन-तीनदा गेले होते, फक्त चेहरा दाखवला होता, गप्पाच मारल्या, बाकी काहीही नाही. त्यातून आता काही होऊ शकतं का?

कृष्णाकाठ

ताई, नंबर देऊ नका एवढं आधी सांगतो, बाकी वाचून ठरवा.

ही गोष्ट माझ्या थोरल्या भावाला आणि बायकोला सोडून कुणाला माहीत नाही. २०२२ चं सांगतोय, लग्न ठरायचं होतं. असंच फ्री ॲप, मुलगी मॅच झाली, अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर आली आणि रात्री अकराला व्हिडिओ कॉल. उचलला तर समोर बाई कपडे काढतेय, आवाज काहीच नाही. मी गोंधळून बघत राहिलो, वीस-पंचवीस सेकंद असतील, मग कट केला. ती बाई तिथे नव्हतीच हे नंतर कळलं, आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावून ठेवतात, आपला चेहरा कोपऱ्यातल्या चौकटीत दिसत असतो आणि सगळं स्क्रीन रेकॉर्ड होत असतं. पाच मिनिटांत क्लिप आली, माझा चेहरा आणि खाली दुसऱ्याचंच शरीर जोडलेलं, आणि तिच्या पाठोपाठ माझ्या फेसबुकच्या फ्रेंडलिस्टचे स्क्रीनशॉट, त्यात मावशी, शाळेतले सर, माझा मॅनेजर. क्लिपपेक्षा ती नावांची यादी बघून माझे हातपाय गार पडले.

पहिल्यांदा ५,००० पाठवले. रात्रीच परत मागितले, ८,५०० दिले. दुसऱ्या दिवशी 'दिल्ली सायबर क्राईममधून इन्स्पेक्टर बोलतोय' असा फोन, डीपीला खाकी वर्दीतला माणूस, म्हणे मुलीने तक्रार केलीय, व्हिडिओ यूट्यूबवर चढलाय, काढायचा असेल तर या नंबरवर बोला. तो नंबर म्हणजे त्यांचाच तिसरा माणूस, आणखी ५,००० गेले. एकूण १८,५००. तीन दिवस जेवण नाही झोप नाही, रेल्वे रुळांच्या बाजूने चालत ऑफिसला जायचो आणि डोक्यात काय काय यायचं ते इथे लिहीत नाही. त्याच वर्षी पुण्यात याच प्रकारातून तरुण पोरांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या वाचल्या आणि त्या रात्री भावाला उठवून सगळं सांगितलं.

भाऊ ओरडला नाही. फोन घेतला, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले आणि म्हणाला आता एक रुपया जाणार नाही. त्यांनी खरंच क्लिप पाठवली, दोघांना. एक जुना रूममेट, त्याने फोन करून विचारलं 'अरे तुझं अकाउंट हॅक झालंय का बघ', बस्स. दुसरा चुलतभाऊ, त्याने आजपर्यंत विषय काढलेला नाही. मॅनेजरला काही गेलं नाही, मावशीला नाही. तीन-चार दिवसांनी मेसेज बंद झाले. पोलीस स्टेशनला आम्हाला सांगितलं की यातल्या बऱ्याच टोळ्या मेवातच्या पट्ट्यातल्या असतात, म्हणजे राजस्थानातलं अलवर, भरतपूर आणि हरियाणातलं नूह, एकेक जण दिवसाला कितीतरी लोकांना फोन लावतो, पैसे न देणाऱ्यामागे वेळ घालवणं त्यांना परवडत नाही. पैसे परत मिळाले नाहीत कारण मी तक्रारच आठवड्याने केली.

हा नाशिकचा माणूस तसाच असेल असं अजिबात म्हणत नाही. पण ॲपवरून घाईने व्हॉट्सॲपवर ओढणं आणि रात्रीचा कॉल, माझ्याही बाबतीत सुरुवात हीच होती. आणि हे वाचणारं कुणी आत्ता अशात अडकलेलं असेल तर आधी घरातल्या एकाला उठवून सांगा. रात्री कुणीच नसेल तर १४४१६ वर फोन लावा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नेटवर्कवाला

कृष्णाकाठ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही फ्रेंडलिस्टचं जे सांगितलंत तेच मुख्य आहे. क्लिप कुणाची का असेना, ती कुणाला पाठवायची हे माहीत नसेल तर धमकीत दम राहत नाही. म्हणून लोक चेहरा लपवत बसतात पण खरं लपवायचं असतं ते 'मी कुणाची कोण' हे.

आणि ते सगळ्यात पटकन उघडं पडतं फोन नंबरवरून. वाशिष्ठी, आत्ता एक करून बघा, मैत्रिणीच्या फोनवर गूगल पे किंवा फोनपे उघडून तुमचा नंबर टाका, पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नाव बघा. बँकेतलं पूर्ण नाव आडनावासकट येईल. मग ट्रूकॉलरवर बघा, तिथे लोकांनी तुम्हाला 'अमुक कंपनी एचआर' वगैरे काय नावाने सेव्ह केलंय ते दिसतं. शिवाय समोरच्याने नंबर सेव्ह करून कॉन्टॅक्ट सिंक केलं की इन्स्टा-फेसबुक त्यालाच तुमचं खरं प्रोफाइल सुचवतं. म्हणजे दहा आकडे दिले की नाव, गाव, नोकरी, मित्रमंडळी सगळं गेलं. ॲपच्या आतच कॉल करता येत असेल (बंबलवर आहे) तर तिथेच करायचा. नसेल तर टेलिग्राम किंवा सिग्नलवर युजरनेमने बोलायचं आणि सेटिंगमध्ये फोन नंबर कुणालाच दिसू नये असं करायचं, ते आधी करायचं, नंतर नाही. अगदी व्हॉट्सॲपच हवं असेल तर स्वस्तातलं दुसरं सिम घ्या, आता एकाच ॲपमध्ये दोन अकाउंट चालतात. पण त्या सिमला यूपीआय जोडू नका, नाहीतर परत तेच.

'नंबर नको तर इन्स्टा दे' असंही म्हणतात, ते साधं वाटतं पण नंबरपेक्षा वाईट आहे, कारण फॉलोअर्सची यादी आयती हातात. अकाउंट प्रायव्हेट असलं तरी त्याची रिक्वेस्ट घेतलीत की त्याला यादी दिसते. फेसबुकची फ्रेंडलिस्ट आजच 'ओन्ली मी' करा, दोन मिनिटांचं काम आहे.

फोटोंचं बोलायचं तर डेटिंगवरचा फोटो दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. लिंक्डइनवरचाच टाकला असेल तर गूगल लेन्समध्ये (फोटोवरून नेटवर शोधायची सोय) टाकल्यावर कंपनीसकट सापडू शकता. नवीन फोटो काढा, मागे सोसायटीचं नाव, गाडीची नंबरप्लेट, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड असलं काही नको. कॉलच्या वेळी पण तेच, मागे कोरी भिंत असू दे, खिडकी नको. आणि फोटो कधी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका, व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर आतली लोकेशनची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते.

लोकेशनवरून आठवलं. '३ किमी दूर' असं ॲप दाखवतं ना, ते वाटतं तेवढं निरुपद्रवी नाही. तीन वेगवेगळ्या जागांवरून तुमचं अंतर मोजलं आणि नकाशावर तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात तिथे तुम्ही. २०१४ मध्ये टिंडरवर हे करून दाखवलं होतं, नंतर त्यांनी दुरुस्त केलं, पण २०२४ मध्ये बेल्जियमच्या एका विद्यापीठातल्या लोकांना परत सहा ॲपमध्ये त्याच जातीची चूक सापडली, तीही त्यानंतर दुरुस्त झाली. ॲप दुरुस्त करेल याची वाट बघू नका, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपसाठी 'प्रिसाइज लोकेशन' बंद करा, अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनला आयओएस १४ पासून ते आहे.

आता अनोळखी व्हिडिओ चॅटचं. ओमेगल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं, त्यासारख्या दुसऱ्या बऱ्याच साइट चालू आहेत. त्यातल्या बऱ्याच साइटवर कॉल थेट दोन कॉम्प्युटरमध्ये जोडला जातो म्हणून समोरच्याला तुमचा आयपी ॲड्रेस काढता येतो, पण आयपीवरून साधारण शहर आणि इंटरनेट कंपनी कळते, घराचा पत्ता नाही. समोरच्याने रेकॉर्ड केलंही असेल, ते कुठलीच साइट थांबवू शकत नाही, दुसरा फोन समोर धरला की झालं. पण तुम्ही नाव, नंबर काही सांगितलं नसेल आणि नुसत्या गप्पा असतील तर झोप उडवून घेऊ नका. ब्राउझरमध्ये त्या साइटला दिलेली कॅमेरा-माइकची परवानगी मात्र काढून टाका, ती तशीच राहते. (व्हॉट्सॲपवर प्रायव्हसी, मग ॲडव्हान्स्डमध्ये कॉलमध्ये आयपी लपवायचं सेटिंग आहे, तेही चालू करून ठेवा.)

फ्री म्हणजे काय हे पण लिहितो. जाहिराती, तुमची माहिती आणि कॉइन्स यावर ते चालतं. एक रुपयात ट्रायल म्हणून यूपीआयचं ऑटोपे लावून घेतात आणि पुढच्या महिन्यात मोठी रक्कम कापतात, तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते तिथून ते रद्द होतं, नुसतं ॲप डिलीट करून होत नाही. आणि कुणी 'कॉलसाठी हे ॲप घे' म्हणून लिंक किंवा एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल) पाठवली तर तिथेच बोलणं थांबवायचं.

मास्तर_मिरज

मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक. यातलं निम्मं मला समजलं नाही पण एक सांगावंसं वाटतं. पूर्वी स्थळ यायचं तेव्हा मध्ये एक माणूस असायचा, दोन्ही घरं त्याला माहीत. तरीसुद्धा मुलीचा बाप आपणहून त्या गावी जाऊन चौकशी करून यायचा, दुकानदाराला विचारायचा, नोकरीच्या ठिकाणी कुणी ओळखीचं निघतंय का बघायचा. त्यात कुणाला अपमान वाटत नसे, आणि वाटला तर त्यावरूनच कळायचं. या ॲपवर मध्ये माणूस नाही, तेव्हा ती चौकशी तुम्हालाच करावी लागेल एवढाच फरक. संकोच करू नकोस पोरी. कुठे काम करतोस, कुठल्या भागात राहतोस, कुठल्या शाळेत होतास असं साधं साधं विचार, आठवड्याने तेच परत वेगळ्या पद्धतीने विचार. खरा माणूस दोन्ही वेळा एकच सांगतो. घाई कोण करतंय ते बघ. ज्याला संसार करायचाय तो आठवडाभर थांबतो.

आणि तुझ्या घटस्फोटाबद्दल ज्यांनी तसले प्रश्न विचारले त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

नेटवर्कवाला

मास्तर, अगदी बरोबर बोललात. त्याचीच आजची सोय म्हणजे त्याचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघणं, तोच फोटो दुसऱ्याच नावाने कुठल्या मॉडेलचा निघाला तर विषय संपला. आणि कॉलवर आला की त्याला सहज म्हणायचं, जरा हात चेहऱ्यासमोरून फिरव, मान पूर्ण डावीकडे वळव, दोन बोटं दाखव. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असेल तर हे करताच येत नाही, आणि एआयने चेहरा बदललेला असेल तर हात मध्ये आला की बरेचदा कडा फाटल्यासारख्या दिसतात. पूर्ण भरवसा यावरही नको, पण खोटेपणा बराचसा यात उघडा पडतो.

वकील_कोल्हापूर

असल्या केसेस येतात म्हणून लिहितेय. कृष्णाकाठ यांच्यासारखं कुणाचं झालं तर पहिल्या तासात काय करायचं ते माहीत हवं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, तिथे ते पुढच्या खात्यात थांबवायचा प्रयत्न होतो आणि जितका उशीर तितके पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. लोक घाबरून सगळं चॅट डिलीट करतात आणि ब्लॉक करून मोकळे होतात, मग आमच्या हातात काही उरत नाही. आधी नंबर, यूपीआय आयडी, व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि प्रोफाइलची लिंक (नुसतं नाव नको, नाव ते बदलतात) यांचे स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. फेसबुक-इन्स्टा कायमचं डिलीट करू नका, काही दिवस डीॲक्टिव्हेट करा म्हणजे ते कुणाला पाठवायचं ते शोधू शकत नाहीत.

'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत यायचं नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात तो. खंडणीला न्याय संहितेचं कलम ३०८ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, जुन्या कायद्यात तीन होती. चोरून चित्रीकरणाचं कलम ७७ फक्त स्त्रियांसाठी आहे म्हणून पुरुष समजतात आपल्याला कायदाच नाही, तसं नाही, आयटी कायद्याचं ६६ई बाई-पुरुष बघत नाही, आणि अश्लील क्लिप पसरवली तर ६७ए आहे.

क्लिप कुठे टाकली जाईल अशी भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग ही साइट खरंच उपयोगाची आहे, २०२१ पासून चालू आहे. तुमचा फोटो किंवा व्हिडिओ तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि तो फेसबुक, इन्स्टासारख्या कंपन्यांना दिला जातो, तीच क्लिप कुणी तिथे चढवली की ओळखून अडवतात. १८ खालच्या मुलांसाठी तशीच टेक इट डाउन म्हणून वेगळी आहे. आपली क्लिप आहे हे जगाला कसं सांगू, या लाजेने लोक तिथेही जात नाहीत. कुणाला सांगावं लागत नाही हो, नावसुद्धा विचारत नाहीत.

संत्री_आणि_मी

मी नागपूरचा, गे आहे. आमच्याकडे प्रकार थोडा वेगळा होतो म्हणून लिहितो. ॲपवर बोलून फ्लॅटवर बोलावतात, पाच मिनिटांत अजून दोघं-तिघं आत येतात, मारहाण, फोनवरून पैसे ट्रान्सफर आणि 'घरी सांगू'. माझ्या मित्राबरोबर झालं, तो पोलिसांकडे गेला नाही कारण त्याला वाटत होतं आपल्यालाच आत टाकतील. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर दोन प्रौढांनी संमतीने ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही, तक्रार बिनधास्त करता येते, हे अजूनही छोट्या गावांतल्या पोरांना माहीत नाही. पहिली भेट कुणाच्याही घरी नको, कितीही विश्वास वाटला तरी. आणि भेटायला जाताना यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून जा, हे मी आता प्रत्येक वेळी करतो.

वाशिष्ठी

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं दोनदा वाचलं.

मैत्रिणीच्या फोनवर नंबर टाकून बघितला तर माझं लग्नानंतरचं नाव आलं, बँकेत बदलायचं राहून गेलंय. ते बघून थोडा वेळ काही सुचलंच नाही. डेटिंगवरचा एक फोटो लेन्समध्ये टाकला तर पहिल्याच फटक्यात कंपनीच्या पेजवरचा महिला दिनाचा ग्रुप फोटो. दोन्ही फोटो काढले, नवीन टाकले. फ्रेंडलिस्ट बंद केली, लोकेशन बंद केलं, साइटची कॅमेऱ्याची परवानगी काढली.

त्याला लिहिलं की नंबर इतक्यात देणार नाही, ॲपवरच कॉल करू आणि रात्री नको, रविवारी संध्याकाळी सातला. एक पूर्ण दिवस उत्तर नाही. मी मनातून सोडून दिलं होतं. मग आलं, म्हणाला बहिणीने मलाही हेच सांगितलंय, तूच खोटी असशील तर, म्हणून मी विचार करत होतो. कॉलवर आम्ही दोघांनी एकमेकांना दोन बोटं दाखवली. मास्तरांनी सांगितलं तसं शाळेचं विचारलं, काल परत विचारलं, तीच शाळा सांगितली. आता तो पुण्याला यायचं म्हणतोय, भेटायची जागा तो सुचवतोय, कोरेगाव पार्कमधलं एक रेस्टॉरंट.

कृष्णाकाठ

वाचून खूप बरं वाटलं ताई. जागा मात्र तुम्ही ठरवा. २०२४ मध्ये मुंबईत असे प्रकार उघड झाले, डेटिंगवरून ओळख, समोरचा सांगेल त्याच ठिकाणी भेट, मग मेन्यूत नसलेल्या ड्रिंकचं हजारोंचं बिल आणि दाराशी बाउन्सर. त्यात बहुतेक पुरुष फसले होते हे खरं, पण तुम्हाला माहीत असलेली, दिवसा गर्दी असणारी जागाच बरी. यायला जायला स्वतःची गाडी किंवा रिक्षा, त्याला घरापर्यंत सोडू देऊ नका.

वाशिष्ठी

जागा बदलली. शनिवारी दुपारी चार वाजता, एफसी रोडवर, कॉलेजात असताना जायचो तिथेच. मैत्रीण दोन टेबलं सोडून बसणार आहे. लाइव्ह लोकेशन बहिणीला, आठ तासांचं लावणार. यूपीआयची मर्यादा कालच कमी केली. आईला अजून काही सांगितलेलं नाही, पण बहिणीला त्याचं नाव, फोटो आणि शाळा सगळं पाठवून ठेवलंय, तिची वर्गमैत्रीण नाशिकची आहे, ती चौकशी करतेय.